चार आमदारांचा पंढरपूर तालुका

करकंबच्या शेतकऱ्याचं तहसील पंढरपूरला, पंचायत समिती पंढरपूरची, कोर्टकचेरीही पंढरपूरलाच. विधानसभेचं मतदान आलं की मात्र तो माढ्याचा आमदार निवडतो. त्याच तालुक्यातलं पुळूज मोहोळला जोडलेलं आहे, भाळवणी सांगोल्याला. खुद्द पंढरपूर शहर आणि भोवतालची गावं मंगळवेढ्याबरोबर. माढा आणि सांगोला हे मतदारसंघ माढा लोकसभेत येतात, मोहोळ आणि पंढरपूर सोलापूर लोकसभेत. म्हणजे एका तालुक्याला आमदार चार आणि खासदार दोन. २००८ पर्यंत लोकसभेचा एक अख्खा मतदारसंघ पंढरपूरच्या नावाने ओळखला जायचा. आता ते नाव लोकसभेच्या यादीत सापडत नाही.

आपल्या तालुक्याचे असे तुकडे का झाले, हा प्रश्न या भागात दर निवडणुकीला निघतो आणि कुणीतरी लगेच एखाद्या पुढाऱ्याचं नाव घेतो. खरं उत्तर त्याहून रुक्ष आहे. हे तुकडे भागाकाराने केले.

पेन्सिल कुणाच्या हातात?

मतदारसंघांच्या हद्दी ठरवण्याचं काम परिसीमन आयोगाचं. स्वातंत्र्यानंतर १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ असे चार आयोग झाले. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. केंद्रीय निवडणूक आयोगाचा एक प्रतिनिधी आणि त्या त्या राज्याचा निवडणूक आयुक्त हे सदस्य. प्रत्येक मोठ्या राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसायचे. त्यांना म्हणणं मांडता यायचं, मताचा अधिकार नव्हता. आयोगाचा आदेश राजपत्रात छापून आला की त्याला कायद्याचं बळ मिळतं. तो लोकसभेच्या आणि विधानसभेच्या पटलावर ठेवतात, पण सभागृहाला त्यात काना-मात्राही बदलता येत नाही.

न्यायालयाचा दरवाजाही जवळपास बंदच. उज्जैनचा मतदारसंघ राखीव झाल्यावर मेघराज कोठारी कोर्टात गेले, तेव्हा अशा आदेशाला आव्हान देता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये सांगितलं. हद्दींवर खटले चालू झाले तर निवडणुका कधी होणारच नाहीत, हा त्यामागचा विचार. गुजरातमधल्या बारडोलीच्या राखीव जागेवरून आलेल्या प्रकरणात २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने दरवाजा थोडासा किलकिला केला. आदेश उघडउघड मनमानी असेल तर तो तपासता येईल, असं म्हटलं.

२००२ च्या आयोगाने आखलेल्या हद्दी १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू झाल्या. सोलापूर जिल्ह्यातले आमदार तेराचे अकरा झाले.

ठाणे आणि सोलापूर

हे दोन आमदार कुठे गेले ते समजायला १९७१ च्या जनगणनेकडे जावं लागतं. त्या वर्षी सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेबावीस लाखांच्या घरात होती. ठाणे जिल्ह्याची, म्हणजे आजचा पालघर धरून तेव्हाच्या अख्ख्या ठाण्याची, त्याहून जराशीच जास्त. महाराष्ट्राची पाच कोटी चार लाख लोकसंख्या २८८ जागांत वाटली की एका आमदारामागे पावणेदोन लाख माणसं येत. भागाकार केला की दोन्ही जिल्ह्यांना तेरा-तेरा आमदार. हिशेब चोख होता.

त्यानंतर घड्याळ थांबलं. आणीबाणीत झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी २००० नंतरच्या जनगणनेपर्यंत गोठवली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्या जागा घटू नयेत, हा हेतू होता. गोठवलेल्या त्या तीस वर्षांत डोंबिवली, कल्याण, भिवंडी, मीरा-भाईंदर वाढत गेले. २००१ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा ८१ लाखांवर पोचला होता आणि सोलापूर ३८ लाख ४९ हजारांवर. सोलापूरही वाढला होता, पण राज्याच्या सरासरी वेगाने नाही. इथल्या गिरण्या बंद पडत गेल्या, यंत्रमागावर पूर्वीसारखी भरती राहिली नाही, आणि तालुक्यांतली तरुण पोरं पुण्या-मुंबईकडे निघाली.

नवा हिशेब असा. राज्याची नऊ कोटी ६८ लाख लोकसंख्या भागिले २८८, म्हणजे एका आमदारामागे तीन लाख ३६ हजार. सोलापूरच्या वाट्याला येतात ११.४४, म्हणजे अकरा. ठाण्याच्या वाट्याला २४.१७, म्हणजे चोवीस. १९७१ मध्ये बरोबरीने उभे असलेले दोन जिल्हे, आणि २००९ च्या विधानसभेत एकाचे आमदार दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. कोल्हापूरही बाराचं दहावर आलं. ऊस, साखर कारखाना आणि जिल्हा बँक या तीन खांबांवर उभं असलेलं पश्चिम महाराष्ट्राचं राजकारण त्या एका आदेशाने विधानसभेत हलकं झालं आणि शहरांचा आवाज वाढला.

छत्तीस गावं, बेचाळीस गावं

जिल्ह्याला अकरा आमदार ठरले. आता तीन लाख ३६ हजारांच्या आसपासचे अकरा तुकडे पाडायचे. ग्रामीण भागात आयोगाने महसूल मंडळ हे माप धरलं, म्हणजे गावं सुटी न उचलता मंडळच्या मंडळ इकडून तिकडे करायचं.

करमाळा तालुक्यात माणसं अडीच लाखांच्या आत. आमदारापुरती भरती होत नव्हती. म्हणून शेजारच्या माढा तालुक्यातून कुर्डुवाडी आणि भोवतालची गावं करमाळ्याला दिली. तिथल्या राजकारणात हा भाग ‘छत्तीस गावं’ म्हणूनच ओळखला जातो. माढ्यात खड्डा पडला. तो बुजवायला पंढरपूर तालुक्यातून करकंब बाजूची गावं आली, ती ‘बेचाळीस गावं’. माळशिरस तालुक्यातलं महाळुंग मंडळही माढ्याला मिळालं. मोहोळला उत्तर सोलापूर तालुक्यातला वडाळ्याचा पट्टा आणि पंढरपुरातलं पुळूज जोडलं. सांगोल्याला भाळवणी. पंढरपूर तालुका चार लाखांच्या आसपास, एका आमदाराला जास्त. शेजारचा मंगळवेढा दोन लाखांच्याही आत, एका आमदाराला कमी. दोघांची बेरीज एका मतदारसंघात मावत नव्हती आणि तिच्यात दोन पुरते बसतही नव्हते. मग पंढरपूरची कड सगळ्या बाजूंनी कातरली गेली.

कागदावर हे नीटच होतं. पण जोडलेली गावं पुढे भारी ठरली. २०१९ ला करमाळ्यातून अपक्ष निवडून आलेले संजयमामा शिंदे मूळचे माढा तालुक्यातल्या निमगावचे. त्यांच्या विजयात छत्तीस गावांचा वाटा मोठा होता. त्यांचे थोरले बंधू बबनराव शिंदे तेव्हा माढ्याचे आमदार होतेच. २०२४ ला माढ्यात उलट घडलं. बबनरावांचे चिरंजीव रणजित शिंदे अपक्ष उभे राहिले आणि त्यांना हरवलं अभिजित पाटील यांनी. हे पाटील पंढरपूर तालुक्यातल्या विठ्ठल सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष. बेचाळीस गावांतला ऊस ज्या कारखान्याकडे बघतो त्याचा अध्यक्ष माढ्याचा आमदार झाला. माढ्याची भरती करायला म्हणून आणलेल्या मुलखाने माढ्याचं राजकारणच फिरवलं.

दिग्गजांची पळापळ

मतदारसंघ बदलला की आधी पुढाऱ्यांचे संसार हलतात. जिल्ह्यात पूर्वी उत्तर सोलापूर आणि मंगळवेढा हे दोन विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होते. दोन्ही मोडले. नव्या रचनेत मोहोळ आणि माळशिरस राखीव झाले. माळशिरस म्हणजे अकलूजच्या मोहिते-पाटलांचं घर. १९८० पासून तिथून निवडून येणारे, राज्याचे उपमुख्यमंत्री राहिलेले विजयसिंह मोहिते-पाटील यांना २००९ ला पंढरपुरात यावं लागलं. पंढरपूरचे जुने आमदार सुधाकरपंत परिचारक त्यांच्यासाठी बाजूला झाले. आणि विजयसिंह भारत भालके यांच्याकडून पराभूत झाले. मोहोळमध्ये राजन पाटील यांना स्वतः उभं राहता येईना. पूर्वी मंगळवेढ्याचं प्रतिनिधित्व केलेले लक्ष्मण ढोबळे मोहोळचे आमदार झाले.

लोकसभेत याहून मोठी उलथापालथ झाली. राखीव असलेला पंढरपूर मतदारसंघ रद्द झाला. तिथून संदिपान थोरात काँग्रेसकडून १९७७ ते १९९८ पर्यंत ओळीने सात वेळा निवडून आले होते, आणि पुढे १९९९ व २००४ ला रामदास आठवले. आठवल्यांना २००९ ला शिर्डी गाठावी लागली. ती जागा नव्यानेच राखीव झाली होती. तिथे शिवसेनेचे भाऊसाहेब वाकचौरे यांनी त्यांना हरवलं. इकडे नव्या, खुल्या माढा मतदारसंघात बारामती सोडून शरद पवार उतरले आणि तीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आणि सातारा जिल्ह्यातले फलटण, माण अशी या मतदारसंघाची घडण. बार्शी तर जिल्ह्यात असून लोकसभेला धाराशिवकडे.

या यादीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २००८ ला राज्यात सत्ता काँग्रेस आणि राष्ट्रवादीची होती. घरं मोडली तीही बहुतेक त्यांच्याच मोठ्या पुढाऱ्यांची. सत्ताधाऱ्यांनी नकाशा आपल्या सोयीने आखून घेतला असता तर विजयसिंहांचं माळशिरस सगळ्यात आधी वाचलं असतं.

राखीव सोलापूर

पंढरपूरचं आरक्षण गेलं आणि सोलापूर लोकसभा राखीव झाली. सुशीलकुमार शिंदे १९९८ आणि १९९९ ला सोलापूरमधून निवडून आले तेव्हा ती जागा खुली होती. अनुसूचित जातीतला उमेदवार खुल्या जागेवर निवडून येणं देशभरात अपवादाचं, सोलापूरने ते दोनदा केलं. जागा राखीव झाल्यावर २००९ ला शिंदे पुन्हा निवडून आले. पुढच्या वेळी, २०१४ ला, ते केंद्रीय गृहमंत्री असताना भाजपचे शरद बनसोडे यांच्याकडून सुमारे दीड लाख मतांनी हरले. २०१९ ला भाजपचे जयसिद्धेश्वर शिवाचार्य जिंकले. त्या लढतीत वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना एक लाख ७० हजार मतं पडली आणि शिंदे एक लाख ५८ हजारांनी मागे राहिले. २०२४ ला त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे यांनी भाजपचे राम सातपुते यांना ७४ हजार मतांनी हरवलं. प्रणिती त्याआधी तीन वेळा सोलापूर शहर मध्यच्या आमदार होत्या, आणि तो मतदारसंघही २००८ च्याच नकाशातून जन्मलेला.

पहिल्या निवडणुकीत तर सोलापूरची रचनाच निराळी होती. १९५२ ला इथून एकाच वेळी दोन खासदार निवडले गेले, एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागेवर. देशात काँग्रेसची लाट असताना सोलापूरने शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज यांना दिल्लीला पाठवलं. त्याच निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत पराभूत झाले होते. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

एकतर्फी निकालाचं गुपित

अमेरिकेत हीच पेन्सिल बहुतेक राज्यांत विधिमंडळाच्या, म्हणजे बहुमतवाल्या पक्षाच्या हातात असते. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बोस्टनच्या वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नखं काढून राक्षसी प्राण्यासारखा छापला. तेव्हापासून या प्रकाराला जेरीमँडरिंग म्हणतात. त्याचे डाव दोन. विरोधकांची मतं एकाच मतदारसंघात कोंबायची, नाहीतर अनेक मतदारसंघांत अशी पांगवायची की कुठेच पुरी पडू नयेत. पक्षाच्या फायद्यासाठी केलेली अशी आखणी संघराज्याच्या न्यायालयांनी तपासायची नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ ला दिला. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता रिपब्लिकनांच्या सोयीचा नवा नकाशा केला. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी डेमोक्रॅटांच्या सोयीचा नकाशा मंजूर केला.

पण निकाल एकतर्फी लागला म्हणजे नकाशात लबाडी झालीच, असं नसतं. त्याच मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण घ्या. तिथे प्रतिनिधीगृहाच्या नऊच्या नऊ जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहेत. १९९४ नंतर तिथून एकही रिपब्लिकन प्रतिनिधीगृहात गेलेला नाही, आणि तरीही साधारण तिसरा हिस्सा मतदार रिपब्लिकनांना मत देतो. गणितज्ञांनी संगणकावर असंख्य पर्यायी नकाशे करून पाहिले. त्यांना आढळलं की ही मतं राज्यभर इतकी सारखी पसरली आहेत की रेषा कशाही ओढल्या तरी रिपब्लिकन जागा निघणं जवळपास अशक्य.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९८४ ला काँग्रेसने निम्म्याच्या जरा वर मतं घेऊन ४८ पैकी ४३ जागा नेल्या. २०१४ ला भाजप, शिवसेना आणि मित्रपक्षांनी साधारण तेवढ्याच मतांत ४२. २०२४ च्या लोकसभेत दोन्ही आघाड्यांना ४३-४४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, पण महाविकास आघाडीला ३० जागा मिळाल्या आणि महायुतीला १७. साडेपाच महिन्यांनी विधानसभेत महायुतीला निम्म्याहून थोडी कमी मतं आणि २८८ पैकी २३० जागा. नकाशा २००८ चाच होता. जो पहिला त्याची जागा, या पद्धतीत मतांची छोटी सरशी जागांच्या डोंगरात बदलते.

सोलापूर जिल्हा मात्र त्या एकतर्फी निकालातही वेगळा वागला. अकरापैकी पाच जागा भाजपला आणि सहा विरोधकांना. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला चार, सांगोल्यात शेकापचे बाबासाहेब देशमुख, बार्शीत उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे दिलीप सोपल. आणि प्रणिती शिंदे यांनी जूनमध्ये जिंकलेल्या सोलापूर लोकसभेच्या सहा विधानसभा जागांपैकी मोहोळ सोडून पाचही नोव्हेंबरमध्ये भाजपने घेतल्या. हद्दी त्याच आणि मतदार यादीही जवळपास तीच.

जिथे सरकारचा हात पोचतो

लोकसभा-विधानसभेची पेन्सिल सरकारच्या हाताबाहेर असली तरी महापालिकेची तशी नाही. प्रभागात किती नगरसेवक असावेत हे राज्याचा कायदा ठरवतो, म्हणजे ज्याचं सरकार त्याचा शब्द चालतो. सोलापूर महापालिकेत २०१७ ला १०२ नगरसेवक आणि २६ प्रभाग होते, त्यातले २४ चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. महाविकास आघाडी सरकारने २०२१ ला तीन सदस्यांचे प्रभाग ठरवले. २०२२ ला सरकार बदललं आणि पुन्हा चार सदस्यांवर गाडी आली. मधल्या काळात प्रारूप रचना झाल्या, हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या, आणि मार्च २०२२ पासून पालिकेवर प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा वादही त्यात होताच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मुदत घालून दिल्यावर चक्रं फिरली आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं.

चार सदस्यांच्या प्रभागात उमेदवाराला एकदम पस्तीस-चाळीस हजार लोकसंख्येचा पट्टा पिंजावा लागतो. एका पेठेत, एखाद्या कामगार वसाहतीत दबदबा असलेला अपक्ष तिथे दमतो आणि पक्षाचं पॅनेल तरून जातं. म्हणून संघटना मोठी असलेल्या पक्षाला मोठा प्रभाग आवडतो. पूर्वभागातली तेलुगूभाषक विणकरांची वस्ती, कन्नड बोलणाऱ्या पेठा, मुस्लिम मोहल्ले आणि झोपडपट्ट्या असं सोलापूर शहर तुकड्यातुकड्यांनी वसलेलं आहे. रस्त्याच्या अलीकडची गल्ली कोणत्या प्रभागात टाकली, यावर इथे नगरसेवक ठरतो. प्रारूप रचनेवरच्या हरकतींच्या अर्जांत सगळ्यात जास्त झोंबाझोंबी याच गल्ल्यांवरून होते.

पुढची आखणी

घटनेने घातलेली गोठवण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे आले की नव्या परिसीमनाचा मार्ग मोकळा होतो. राज्याराज्यांत लोकसभेच्या जागा कशा वाटायच्या यावर दक्षिणेकडची राज्यं आधीच अस्वस्थ आहेत. मार्च २०२५ मध्ये चेन्नईत तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी त्यासाठी बैठक बोलावली होती. २०२३ च्या घटनादुरुस्तीने महिलांना दिलेल्या एक तृतीयांश जागाही परिसीमनाशीच बांधलेल्या आहेत. ते लागू झालं की सोलापूरसारख्या राखीव जागेवरही कधीतरी महिला आरक्षणाची पाळी येईल.

सोलापूरपुरतं पाहायचं तर २०११ च्या आकड्यांवर हिशेब करून बघता येतो. जिल्हा ४३ लाख १८ हजार, राज्य ११ कोटी २४ लाख. आमदार २८८ च धरले तर एका आमदारामागे तीन लाख ९० हजार माणसं, आणि सोलापूरच्या वाट्याला ११.०७. अकरावा आमदार तेव्हाच कडेवर उभा होता. नंतरच्या वर्षांत पुणे आणि ठाण्याच्या तुलनेत जिल्हा मागे पडला असेल तर नव्या हिशेबात आकडा अकराच्या खाली जाईल आणि पंढरपूर, माढा, करमाळ्याच्या हद्दी पुन्हा हलतील.

आयोग आपला मसुदा राजपत्रात आणि मराठी वृत्तपत्रांत छापतो, हरकती मागवतो आणि जाहीर बैठका घेतो. तिथे तालुका मोडू नका एवढं म्हणून भागत नाही. अमुक मंडळ इकडे दिलं तर लोकसंख्या किती होते, नदीवर पूल कुठे आहे, एसटी कुठल्या बाजूने येते, अशी आकडेवारी घेऊन जावं लागतं, कारण कायद्यात सलग भूभाग, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय हेच निकष लिहिले आहेत. बेचाळीस गावांना पंढरपुरात परत यायचं असेल तर तेवढ्याच लोकसंख्येचा दुसरा पट्टा माढ्याला कुठून द्यायचा, याचं उत्तर त्यांना अर्जासोबत जोडावं लागेल.